तुटलेली मोत्यांची माळ घरी गाठवता येईल का?

अबोली
मावशीची दोनपदरी मोत्यांची माळ माझ्याकडे आहे. मधे मोठे मोती आणि फाशाकडे लहान लहान होत गेलेले. परवा गळ्यात घालताना आतला पदर फाशापाशी तुटला. मोत्यांमध्ये गाठी होत्या म्हणून दोनच मोती खाली पडले, आणि तेही सापडले. बाहेरचा पदर शाबूत आहे, पण दोरा मळलाय आणि इतका सैल झालाय की दोन मोत्यांच्या मधे तो उघडा दिसतो.

माळ बाहेर न देता स्वतः गाठवायची इच्छा आहे. शिवणकाम येतं, हात बऱ्यापैकी स्थिर आहे. दोरा कोणता घ्यावा, रेशीम की नायलॉन? प्रत्येक मोत्यानंतर गाठ हवीच का? ती मोत्याला चिकटून कशी बसवतात? मी नुसत्या दोऱ्यावर करून बघते तेव्हा गाठ भलतीकडेच बसते. आणि शेवटी गोंद लावतात का?

शिवाय एका डब्यात वर्षानुवर्षं साठलेलं बरंच काही आहे. इलॅस्टिक गेलेलं ब्रेसलेट, बारीक काचमण्यांचा विणलेला पट्टा ज्याची एक कड उसवत चालली आहे, आणि क्रिस्टलची एक माळ, जी कितीही वेळा ओवली तरी पुन्हा तुटते. ह्यांबद्दलही कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

रानजाई
वाचतेय. असा डबा माझ्याकडेही आहे.

खटपट्या
तंगूस वापरा. मासे पकडायची तंगूस चांगला किलो-किलोचा मासा ओढते, तुमची माळ ती काय जड! सुईसुद्धा लागत नाही, टोक ताठ असतं, मणी सरळ आत जातो. आमच्या घरातल्या सगळ्या माळा मी तंगुशीतच ओवल्यात.

कडीकोयंडा
गाठी असतात त्या माळ तुटली तर सगळे मोती घरंगळू नयेत म्हणूनच ना? मग दोरा पक्का घेतला की गाठी कशाला? निम्मं काम वाचेल.

सुईदोरा
अबोली, दोरा आणण्याआधी एक काम कर. तुटलेली टोकं भिंगाखाली धर, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्यात मोठी करून बघ. माळ का तुटली ते टोकावरून कळतं, आणि ते कळल्याशिवाय दुरुस्ती करण्यात अर्थ नाही.

टोक पिंजारलेलं, झिजत झिजत गेलेलं असेल तर दोरा कशाला तरी घासत होता. फाशापाशी असेल तर फाशाच्या कडीला, दोन मण्यांमध्ये असेल तर छिद्राच्या काठाला. टोक ब्लेडने कापल्यासारखं सरळ असेल तर शेजारच्या मण्याच्या छिद्राला धार आहे. तुझ्या क्रिस्टलच्या माळेत बहुतेक हेच निघेल. आणि दोरा कुठेही धरून हलका ओढला तरी तुटत असेल, तर घामाने, अत्तराने, दमटपणाने तो कुजला आहे. तो पूर्ण बदलायचा, जोडत बसायचं नाही. हे न बघता नुसता आणखी जाड दोरा घातला की माळ पुन्हा त्याच जागी तुटते. लोक म्हणतात दोरा खराब निघाला. दोऱ्याचा काही दोष नसतो.

मोत्यांसाठी रेशीमच. त्याची गाठ बारीक आणि घट्ट बसते आणि माळ गळ्यावर छान पडते. रेशीम ताणतं आणि मळतं हे खरं, म्हणूनच नेहमीच्या वापरातली माळ वर्षा-दोन वर्षांनी नव्याने गाठवायची असते. मोत्यांसाठीचं रेशीम पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं, सुई जोडूनच मिळतं. त्याला नंबर असतात: २ नंबर साधारण ०.४५ मिमी, ४ नंबर ०.६० मिमी, ६ नंबर ०.७० मिमी. दोरा छिद्रातून जेमतेम जायला हवा. बारीक घेतलास तर गाठ छिद्रात शिरून बसते आणि तिचा काही उपयोग राहत नाही.

कडीकोयंडा, गाठीचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. मोती मऊ असतो. काठिण्याच्या मोह्स मापावर २.५ ते ४.५, म्हणजे काचेपेक्षाही खाली. मधे गाठ नसेल तर मोती मोत्यावर घासतो आणि छिद्राभोवतीचा थर झिजायला लागतो. तुटलेला दोरा बदलता येतो, झिजलेला मोती पुन्हा भरून येत नाही.

मितभाषी
+१. फ्रेंच वायर विसरू नका.

अबोली
सुईदोराताई, मनापासून धन्यवाद! टोक बघितलं. पिंजारलेलं आहे, आणि फाशाच्या कडीतच थोडा दोरा अडकून राहिलाय, काळा पडलेला. फ्रेंच वायर म्हणजे काय?

सुईदोरा
केसाइतक्या बारीक तारेची अगदी लहान पोकळ स्प्रिंग. तिचा पाऊण-एक सेंटिमीटरचा तुकडा कापून दोऱ्यावर ओवायचा. मग तो फाशाच्या कडीतून न्यायचा आणि दोरा परत शेवटच्या मोत्यात घालायचा. तुकडा वाकून कडीभोवती छोटा फास होतो. आता कडीला घासते ती तार, आतला रेशमाचा दोरा सुरक्षित राहतो. तुझ्या जुन्या माळेत हा तुकडा नव्हता किंवा झिजून गेला, म्हणूनच ती तिथे तुटली. तुकडा कापताना ओढू नकोस, एकदा ताणली की ती स्प्रिंग पुन्हा मिटत नाही.

खटपट्या
एवढा खटाटोप? तंगुशीला कडी-बिडी काही करत नाही. पक्कं ते पक्कं.

रसायनवाला
खटपट्या, तंगूस ओढायला मजबूत आहे हे मान्य. पण ती एकसंध नायलॉनची तार आहे, रेशमासारखे तंतू पिळून केलेला दोरा नाही. तिचा आकार लक्षात राहतो: रिळावर गुंडाळलेली असली की माळेतही वेटोळंच धरते. गुळगुळीत असल्याने गाठ हळूहळू सुटत जाते. आणि उन्हाने ती ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही, एक दिवस अचानक तुटते. काचेच्या हलक्या माळेला चालेल, मोत्यांना नको.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. गळ्यातली वस्तू प्रमाणाबाहेर मजबूत असूच नये. माळ दाराच्या कडीत किंवा एखाद्या यंत्रात अडकली, लहान मुलाने जोरात ओढली, तर माळ तुटायला हवी. मानेला इजा व्हायला नको. लहान मुलांसाठी काही करणार असाल तर पोलादी तार किंवा तंगूस अजिबात नको. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती बारीक मणी जाऊच द्यायचे नाहीत, घशात अडकतात.

खटपट्या
हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. भाचीसाठी केलेली माळ आजच काढून घेतो.

भटकभवानी
आमच्याकडे दात साफ करायच्या दोऱ्यात, म्हणजे फ्लॉसमध्ये, ओवलेली माळ आहे. घट्ट आहे. फक्त जवळ गेलं की पुदिन्याचा वास येतो. :)

रानजाई
भटकभवानी, =)) दंतवैद्याकडे जाताना घालत जा.

रसायनवाला
फ्लॉस तसा वाईट नाही, मेणाचा हात दिलेला नायलॉनच असतो तो. मोत्यांना मात्र जाड पडतो आणि त्याचं मेण छिद्रात साचून मळ धरतं.

कसरपट्टी
गोंदाचा प्रश्न राहिला. झटकन चिकटणारा, म्हणजे सुपरग्लू, लावला तर चालेल का? माझ्या ओळखीच्या सगळ्या तोच लावतात.

रसायनवाला
नको. तो सायनोअॅक्रिलेट. सुकल्यावर दोरा काडीसारखा कडक करतो आणि कडक भाग जिथे संपतो नेमका तिथे दोरा मोडतो. सुकताना त्याची वाफ शेजारच्या मण्यावर बसून पांढुरका थर येतो, तो काढता काढता मण्याची चकाकी जाते. कापसाच्या दोऱ्यावर पडला तर त्याची प्रक्रिया इतकी वेगाने होते की चांगलाच चटका बसतो.

काहीजणी नखांचं पारदर्शक पॉलिश लावतात. काचमण्यांना ठीक, पण त्यातली द्रावणं अंबर, प्लॅस्टिकचे मणी आणि कृत्रिम मोत्यांचा वरचा थर खराब करतात. दागिन्यांसाठी मिळणारा, सुकल्यावर मऊ राहणारा गोंद घ्या आणि तो सुईच्या टोकाने गाठीवरच टेकवा, मण्यावर नाही.

सुईदोरा
रेशमाच्या गाठवलेल्या माळेला तर गोंदाशिवायही भागतं. शेवटी दोरा दोन-तीन मोत्यांतून मागे नेत प्रत्येक ठिकाणी गाठ मारली की तो निसटत नाही.

मीच_ती
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

हातखंडा
गाठ मोत्याला चिकटून बसवण्याबद्दल कोणी सांगितलंच नाही अजून. सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोत्याजवळ दोऱ्याचा एक सैल वळसा घ्या आणि त्यातून बाकीची माळ आत घाला. साधी गाठ, पण ओढायची नाही. आता त्या सैल गाठीत एक जाड सुई घाला, गोधडीची सुई असली तर उत्तम. उजव्या हाताने सुई मोत्याच्या छिद्राकडे सरकवत न्या, डाव्या हाताने दोरा सावकाश ओढत राहा. गाठ सुईभोवती आवळत येते आणि सुईबरोबर मोत्यापर्यंत सरकते. सुईचं टोक मोत्याला टेकलं की दोरा ताठ धरून सुई बाहेर काढा आणि त्याच क्षणी अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्यावर दाबा. दोरा दुहेरी असेल तर शेवटी दोन्ही पदर दोन बाजूंना फाकवून ओढा, म्हणजे गाठ आणखी खाली बसते.

सुई काढताना दोरा ढिला पडला तर फट राहते. अबोली, तुझी गाठ भलतीकडे बसते ती बहुतेक ह्याच एका क्षणामुळे. दोऱ्यावरचा ताण सुटता कामा नये. आधी स्वस्तातल्या मण्यांवर वीसेक गाठी मारून बघ. रेशमाची गाठ चुकली तर ती सोडवायची तीही सुईनेच, नखाने उकलायला गेलीस तर तंतू फिसकटतात.

एक हिशेब आधी करून ठेव. गाठींमुळे लांबी वाढते. ६ मिमी मोत्यांची ४० सेंमीची बिनगाठीची माळ गाठवली की सुमारे चार-पाच सेंटिमीटर लांब होते. तुझी आधीपासून गाठवलेली आहे, त्यामुळे मूळ लांबीच्या जवळपास येईल, पण जुना दोरा ताणलेला असल्याने थोडी आखूड वाटेल. दोन पदर असल्याने हे फार महत्त्वाचं. एक पदर नवा आणि एक जुना ठेवलास तर दोघांची ठेवण जुळणार नाही. दोन्ही पदर एकाच रेशमात, एकाच बैठकीत गाठव.

अबोली
बाप रे, म्हणजे बाहेरचाही सोडवायचा! पण पटलं. मोत्यांचा क्रम कसा टिकवू? लहान-मोठे इतके जवळजवळचे आहेत की डोळ्यांना फरक कळत नाही.

हातखंडा
सोडवण्याआधी फोटो काढ, फाशासकट. मग कागदी चिकटपट्टी, जी सहज निघते ती, उलटी टेबलावर पसर आणि माळ तिच्यावर सरळ ठेव. मोती जागच्या जागी हलके चिकटतात. त्यानंतर एकेक गाठ कापत जा. कात्री मोत्याला टेकवू नकोस, गाठीच्या मधोमध काप.

दुसरी युक्ती, खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून काढायचा. आत पन्हाळी निघतात, त्या पन्हाळीत मोती ओळीने बसतात. मणी मांडायच्या विकतच्या पाटाची गरज नाही.

कडीकोयंडा
आणि खाली पांढरा टॉवेल. मोती टप्पे खात नाही त्यावर.

वाट_चुकली
मणी आधीच पडून हरवले असतील तर: खोलीत अंधार करा आणि टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. लहानशा मण्याचीही लांबच लांब सावली पडते. कपाटाखालचे मणी काढायला व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा. मणी जाळीवर येऊन थांबतो, आत जात नाही.

चांदणभूल
मग एक मोती सापडलाच नाही तर? माझ्या चढत्या-उतरत्या माळेतला डावीकडचा एक गेलाय. तसा मोती कुठे मिळेना.

सुईदोरा
त्याचा उजवीकडचा जोडीदारही काढून ठेव. अशा माळेत मोती जोडीजोडीने बसवलेले असतात, एक गेला आणि दुसरा राहिला की मधला मोती बाजूला सरकल्यासारखा दिसतो. जोडीच काढलीस तर माळ किंचित आखूड होते, कोणाच्या लक्षातही येत नाही. आखूड नको असेल तर फाशाजवळ दोन लहान मोती किंवा मणी घाल, तो भाग केसांखाली जातो. काढलेल्या मोत्याचा उपयोग पुढे कधीतरी होईलच.

मितभाषी
हे कधी सुचलं नसतं. लिहून ठेवतेय.

पुराणवस्तू
थोडं अवांतर. सुईदोरा म्हणाल्या तसं दोऱ्याच्या घासण्याचा अभ्यास पुरातत्त्वातही होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे छिद्रं पाडलेले बारीक शंख सापडले. ते नुसतेच भोकं पडलेले शंख नसून ओवून घातलेले मणी आहेत हे संशोधकांनी त्यांवरच्या झिजेवरून ओळखलं. दोरा कुठे टेकत होता, शंख एकमेकांवर कुठे घासत होते ते आजही दिसतं. दोरा केव्हाच नाहीसा झाला, त्याच्या खुणा उरल्या.

म्हणून एक विनंती. घरातली खरोखर जुनी वस्तू असेल तर काढलेला दोरा, जुन्या गाठींचे तुकडे पाकिटात घालून फोटोसोबत ठेवा. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झाला. त्यामुळे मूळ दोरा नायलॉनचा निघाला तर माळ त्यानंतर ओवली किंवा पुन्हा ओवली गेली आहे एवढं नक्की. टोक जाळून बघता येतं: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते, नायलॉन वितळून कडक गोळी होते. अगदी लहान तुकडा, चिमट्यात धरून, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून.

रानजाई
पंच्याहत्तर हजार वर्षं! आणि मी मागच्या वर्षीचं ब्रेसलेट फेकून द्यायला निघाले होते.

चांदणभूल
मोती खरे की कृत्रिम हे घरी कसं ओळखायचं? दाताला घासतात म्हणे.

पुराणवस्तू
हो, किंवा दोन मोती एकमेकांवर अगदी हलके घासायचे. खरे, म्हणजे शिंपल्यात वाढवलेलेही, बारीक रेतीसारखे खरखरीत लागतात, कृत्रिम गुळगुळीत. माळ सोडवलेली असताना त्याहून चांगली संधी असते: छिद्राचा काठ भिंगातून बघा. कृत्रिम मोत्यात तिथे रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसतो आणि आतली काच किंवा प्लॅस्टिक उघडं पडलेलं असतं.

हस्तकला_वेडी
अबोलीच्या काचमण्यांच्या पट्ट्याबद्दल बोलू का? सगळे मोत्यांतच रमलेत.

उसवलेली कड उलगडू नकोस. सुट्या टोकाला चिकटपट्टी लाव आणि नवा दोरा शाबूत भागातून सुरू कर, उसवल्या जागेपासून दोन-अडीच सेंटिमीटर आधी. जुना दोरा ज्या वाटेने गेलाय त्याच वाटेने मण्यांतून नवा ने, मधे दोन-तीन ठिकाणी जुन्या दोऱ्याला अडकवून अर्धी गाठ मार आणि मग कडेला पोच. विणीची वाट सोडून दोरा आडवा गेला की पट्टा तिथे आखडतो आणि ते उठून दिसतं. बारीक सुई घे, १२ किंवा १३ नंबर. मण्यांच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मण्यांचंही तसंच: ११ नंबरचा मणी साधारण २ मिमी, ८ नंबरचा ३ मिमी. नव्या मण्यांची खरेदी करताना गोंधळ होतो तो इथेच. सुईचं नेढं इतकं लहान असतं की दोरा सुईत घालण्याऐवजी दोरा चिमटीत लपवून सुईच त्यावर उतरवावी, सोपं जातं.

विणीत एखादा मणी जास्त झाला किंवा रंग चुकला तर सगळं उसवायची गरज नाही, तो मणी फोडता येतो. छिद्रात सुई घालून पक्कडीने दाबायचं. सुई आत असल्याने काच बाहेरच्या बाजूला फुटते आणि दोरा वाचतो. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि मणी कपड्याखाली झाकून घ्यायचा.

खटपट्या
आणि क्रिस्टलची माळ? माझ्या बायकोचीही तशीच आहे, तंगूसही टिकली नाही त्यात.

हस्तकला_वेडी
त्यात छिद्राच्या काठाला धार असते, नायलॉनच्या तंगुशीला ती खरवडून काढते. नायलॉनचं आवरण असलेली पोलादी तार घ्या. ही बारीक तारांचे पीळ देऊन केलेली असते, ७, १९ किंवा ४९ तारांची. जितक्या जास्त तारा तितकी मऊ. प्रत्येक दोन क्रिस्टलच्या मधे एक बारीक काचमणी घाला. क्रिस्टल एकमेकांवर आपटत नाहीत आणि तार एकाच काठावर वाकत नाही.

टोकाला गाठ नाही, दाबायचा धातूचा मणी लागतो. तो पक्कडीने पक्का दाबायचा, पण चिरडायचा नाही. चिरडला की तोच तार कापतो. आणि बंद करण्याआधी माळ टेबलावर गोल वळवून बघायची, सरळ ठेवून नाही. सरळ असताना मणी घट्ट बसवलेत तर गोल झाल्यावर तारेला जागाच उरत नाही. ती ताठ उभी राहते आणि फाशाशी तुटते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोकळं ठेवायचं.

कसरपट्टी
इलॅस्टिकचं मी सांगते. ओवण्याआधी इलॅस्टिक हाताने चांगलं ताणून घ्यायचं, नाहीतर नंतर ते वापरात ताणतं आणि मण्यांमध्ये फटी पडतात. गाठ नेहमीच्या निरगाठीसारखीच, फक्त पहिल्या वेढ्यात टोक एकदा जास्त फिरवायचं. गोंदाचा थेंब, एक दिवस पूर्ण सुकू द्यायचा, मग गाठ मोठ्या छिद्राच्या मण्यात ओढून लपवायची. आणि ब्रेसलेट हातात चढवताना ताणून नाही, बोटांवरून गुंडाळत सरकवायचं.

वाट_चुकली
आईची बोटं संधिवाताने दुखतात, तिला फासा लावता येत नाही. तिच्या माळेला चुंबकाचा फासा बसवायचा विचार आहे. कोणी बसवलाय?

रसायनवाला
आईंना पेसमेकर असेल तर नको. चुंबक छातीजवळ येतो, आणि तो पेसमेकरच्या कामात व्यत्यय आणू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका. घरात लहान मूल असेल तरीही नको, दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढतात आणि ते जिवावर बेततं.

हातखंडा
त्यापेक्षा माळच लांब करा. ७० सेंमीच्या पुढे गेली की बिनफाशाची डोक्यावरून घालता येते. आई स्वतः घालतील, कोणाला हाक मारावी लागणार नाही.

वाट_चुकली
हा उपाय किती सोपा आहे! पेसमेकर आहे तिला. बरं झालं विचारलं.

अबोली
धागा पुन्हा वर काढतेय. दोन्ही पदर गाठवून झाले!

हातखंडा, सुई दोरा ताठ धरूनच काढायची, हे वाक्य अक्षरशः खरं निघालं. स्वस्तातल्या मण्यांवर सराव केल्यावर एका क्षणी हाताला कळलं आणि मग गाठ बरोब्बर मोत्यावर जाऊन बसायला लागली. टक् असं अगदी हलकं जाणवतं नखाला. फ्रेंच वायर बसवली, फास अगदी नीट गोल झालाय.

काढलेल्या दोऱ्याचं टोक जाळून बघितलं, केसांचा वास आला, रेशीमच होतं. मोत्यांच्या छिद्राशी पापुद्रा नाही, आणि एकमेकांवर खरखरतात. मावशीला फोन करून सांगितलं.

दोन अडचणी उरल्यात. फाशाकडच्या एका मोत्याचं छिद्र इतकं लहान आहे की परतीचा दोरा त्यातून जाईना, म्हणून शेवटचा मोती सध्या शेजारच्याशी बदललाय. आणि जुने मोती मंद दिसतात. व्हिनेगरच्या पाण्यात धुतले तर चमकतील असं कोणीतरी म्हणालं.

रसायनवाला
व्हिनेगर अजिबात नको! लिंबू नको, सोडा नको, टूथपेस्ट नको. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळतो. पोवळ्याचंही तेच. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि एकेक मोती पुसायचा. माळ बुडवायची नाही, रेशीम ओलं झालं की ताणतं. पुसल्यावर टॉवेलवर आडवी पसरून पूर्ण सुकेपर्यंत घालू नका, टांगूही नका.

सुईदोरा
शाब्बास अबोली! छिद्र मोठं करायला हिऱ्याची पूड बसवलेली बारीक कानस मिळते. मोती पाण्यात बुडवलेला असतानाच हाताने फिरवायची, यंत्र लावायचं नाही. कोरडं घासलंस तर मोती तापून तडकतो आणि त्याची धूळ श्वासात जाते, ती फुप्फुसांना वाईट. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घे, एका बाजूने आरपार जायला बघू नकोस, पलीकडच्या काठाचा टवका उडतो. पण बदललेला मोती तिथे शोभत असेल तर राहू दे. मोत्याला जितका कमी हात लागेल तितकं बरं.

ह्यापुढे अत्तर, केसांचा स्प्रे, मलम सगळं झाल्यावर माळ शेवटी घालायची आणि घरी आल्यावर पहिल्यांदा काढायची.

अबोली
राहूच देते मग, मला सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही तो. आता क्रिस्टलची माळ घेतेय. १९ तारांची पोलादी तार आणलीय. हस्तकला_वेडी, दाबायचे मणी २ मिमीचे मिळालेत, चालतील ना?

हस्तकला_वेडी
तार किती जाडीची ते पाकिटावर बघ. ०.३८ मिमी असेल तर चालतील. तारेचे दोन पदर आत शेजारी शेजारी बसायला हवेत, एकावर एक चढायला नकोत. दाबण्याआधी भिंगातून बघून घे आणि दाबल्यावर तार ओढून बघ.

खटपट्या
मीही तीच तार आणायला निघालोय.